कुशल कामगार म्हणून पीआर: अकरा वर्षं मशीनवर काढली, पण कागदावर मी कोण?

सातपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३४. दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा. टूलरूममध्ये अकरा वर्षं झाली, पहिली चार नाशिकच्या अंबडला आणि मग सातपूरला एकाच वर्कशॉपात. डाय, जिग-फिक्श्चर, सीएनसी, वायरकट, सगळं हाताखालून गेलंय. बायको नोकरी करते, मुलगी चार वर्षांची.

गेल्या महिन्यात कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. गार एसी, भिंतीवर मेपलचं पान. दहा मिनिटांत त्या मॅडम म्हणाल्या, सर तुम्ही एलिजिबल आहात, ऐंशी हजार भरा, वर्षभरात कॅनडाची पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायचा परवाना. घरी येऊन सांगितलं तर वडील म्हणाले, "इतकं सोपं असतं तर अर्धं सिडको रिकामं झालं असतं." तेव्हापासून झोप नाही.

डिप्लोमावाल्याला खरंच जमतं, की हे सगळं आयटीवाल्यांचं काम आहे? आणि पैसे भरू का?

शंकासूर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नको. बाकीचं जाणकार सांगतील, मी चिवडा घेऊन बसतो.

टोरांटोतला_सिन्नरकर

वडिलांना माझा नमस्कार सांगा. माणूस बरोबर बोलला.

मॅडम खोटं बोलल्या असंही नाही, अर्धं बोलल्या. कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्करमध्ये दोन वेगळ्या चाळण्या आहेत आणि एजंट लोक फक्त पहिली दाखवतात.

पहिली चाळणी १०० पैकी ६७ गुणांची. भाषेला जास्तीत जास्त २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, तिथल्या नोकरीच्या ऑफरला १० आणि जुळवून घेण्याच्या क्षमतेला १०. आता तुझं बघू. वय ३५ पर्यंत पूर्ण १२. अनुभव सहा वर्षांच्या वर, पूर्ण १५. डिप्लोमाची गोम अशी की आपण तो तीन वर्षांचा म्हणतो, पण तो दहावीनंतरचा असल्यामुळे मूल्यांकन करणारी संस्था तो तितका धरेलच असं नाही. सावधपणे एका वर्षाचा धर, १५ गुण. भाषेत सीएलबी (इंग्रजीची पातळी मोजायची कॅनडाची पट्टी) ८ आणलंस तर २०. बेरीज ६२. पाच कमी पडतात. ते कुठून येतील? बायकोच्या इंग्रजीतून. तिने साधं सीएलबी ४ दाखवलं तरी पाच गुण. झाले ६७. काठावर पास.

पण हे म्हणजे बारावीला पस्तीस टक्के मिळवण्यासारखं आहे. पास झालास म्हणून इंजिनिअरिंगला हवं ते कॉलेज मिळतं का? तिथे कॅप राउंडची मेरिट लिस्ट असते. तशीच इथे दुसरी चाळणी, सीआरएस, १२०० गुणांची. माझ्या हिशोबाने तू तिथे तीनशेच्या आसपास जाशील. मी २०१९ मध्ये आलो तेव्हा कटऑफ साडेचारशेच्या पुढेमागे असायचा. २०२४ मध्ये सर्वसाधारण सोडती, म्हणजे वरच्या गुणवाल्यांना अर्जाचं आमंत्रण देण्याच्या फेऱ्या, सव्वापाचशेच्या आसपास गेल्या. २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे सीआरएसमधले गुणही काढून टाकले.

म्हणजे दार बंद असं नाही. पण ऐंशी हजार पहिल्या चाळणीचे आहेत, दुसरीचे नाहीत. आणि एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे हे गुण जिथे लागतात त्या ऑनलाइन यादीत, प्रोफाइल उघडायला सरकार एक डॉलरही घेत नाही.

द्राक्षबाग

ते ऐंशी हजार आमच्या पिंपळगावात लावा, बेदाण्याचं शेड उभं राहील. हलके घ्या.

सातपूरकर

सिन्नरकर दादा, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. रात्री वहीत मांडून पाहिलं, बरोबर ६७ येतात. पण आयईएलटीएसमध्ये सीएलबी ८ म्हणजे नक्की किती बँड? आणि आयटीआयवाल्या मित्रांसाठी वेगळा रस्ता असतो म्हणतात, तो काय?

टोरांटोतला_सिन्नरकर

जनरल ट्रेनिंगची परीक्षा द्यायची, अकॅडेमिक नाही. अनेक जण इथेच चुकतात. सीएलबी ८ साठी लिसनिंग ७.५, बाकी तिन्हीत ६.५. सीएलबी ९ साठी लिसनिंग ८ आणि बाकी ७. आठवरून नऊवर उडी मारली की सीआरएस एकदम वर जातो, कारण भाषा आणि अनुभव यांच्या जोडीचेही गुण वाढतात. निकाल दोन वर्षंच चालतो.

आयटीआयवाल्यांचा रस्ता म्हणजे फेडरल स्किल्ड ट्रेड्स. तिथे शिक्षणाची अट नाही, इंग्रजीही कमी चालतं, बोलण्या-ऐकण्यात सीएलबी ५, वाचण्या-लिहिण्यात ४. मेख अशी की वर्षभराची ऑफर किंवा तिथल्या प्रांताचं त्या ट्रेडचं प्रमाणपत्र लागतं. अंबडला बसून ते कसं मिळवणार? त्यामुळे इथून थेट जाणारे फार थोडे.

अॅडलेडकर

आमच्या देशाचं कोणी नावच घेत नाही म्हणून आलो. मी वेल्डर, मूळचा गंगापूर रोडचा.

ऑस्ट्रेलियात किमान ६५ गुण. ३३ ते ३९ वयाला २५, डिप्लोमाला १०, बाहेरचा आठ वर्षांहून जास्त अनुभव १५, आयईएलटीएसला सगळीकडे ७ आणले तर १०. झाले ६०. जोडीदाराचं इंग्रजी ठीकठाक असलं की आणखी ५. बघा, इथेही वहिनीच तारतात. वर एखाद्या राज्याने ४९१ क्रमांकाच्या व्हिसासाठी नामांकन दिलं तर १५ वाढतात. तो तात्पुरता व्हिसा आहे, ठरलेल्या भागात राहायचं आणि तीन वर्षांनंतर पीआरला अर्ज.

पण गुणांच्या आधी स्किल असेसमेंट. इंजिनिअरांचं इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करतं, आयटीवाल्यांचं एसीएस, बहुतेक ट्रेडवाल्यांचं टीआरए. तिथे तुम्ही काय करता हे सिद्ध करायचं असतं, आणि माझी खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

माझ्या आधीच्या शेठकडून मला अनुभवाचं पत्र मिळालं होतं. एक ओळ: "सदर इसमाने आमच्याकडे काम केले असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे." वर्तणूक! नऊ वर्षं टिग वेल्डिंग केलं आणि कागदावर मी फक्त सुस्वभावी. पत्रात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि रोजची कामं लागतात. शेठकडे गेलो तर त्यांनी पहिल्यांदा खुर्ची दिली, मग चहा, मग हळूच विचारलं, "तू कामगार आयुक्तांकडे तर जात नाहीस ना रे?" त्यांची अडचण मला नंतर कळली. पीएफ कमी पगारावर कापत होते, उरलेले पैसे पाकिटात देत होते. खरे तास आणि खरा पगार लिहिला तर उद्या हाच कागद त्यांच्यावर उलटेल असं त्यांना वाटत होतं. माणूस वाईट नव्हता. माझ्या लग्नात फ्रिज दिला होता त्याने.

शेवटी कामांची यादी आणि तास त्यांनी लिहिले, पगाराचा आकडा नाही. पगारासाठी बँक स्टेटमेंट आणि फॉर्म १६ जोडले. पाकिटातले पैसे गेले ते गेलेच, कागदावर ते कधी आलेच नव्हते.

जुना_जाणता

अॅडलेडकरांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. एक भर घालतो. काही जण सरकारी यादीतली त्या कामाची वाक्यं जशीच्या तशी पत्रात उतरवतात. झेरॉक्सवाल्याकडे तयार फाइल असते, नाव फक्त बदलायचं. तपासणारा तीच वाक्यं दिवसातून दहा वेळा वाचतो. आणि खोटं पत्र सापडलं तर कॅनडा पाच वर्षं दारात उभं करत नाही.

निफाडची_सून

पत्राचं ऐकून हसू आलं आणि रडूही. माझी अडचण नावाची होती. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर उलट. लग्नानंतर सासरी नावही बदललं, म्हणजे पहिलं, मधलं आणि शेवटचं तिन्ही गेलं. ट्रान्सस्क्रिप्टचा लिफाफा विद्यापीठाने सील करून दिला, शिक्का अर्धा झाकणावर आणि अर्धा लिफाफ्यावर, अगदी नियमाप्रमाणे. पण नाव माहेरचं! प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, लग्नाचा दाखला, सगळं गोळा करायला चार महिने गेले. लेकींनो, लग्नात नाव बदलण्याआधी पासपोर्ट डोळ्यासमोर आणा.

शंकासूर

अवांतर: लग्नात नवऱ्याचं नाव बदलायची प्रथा काढा, पुरुष मंडळींना कागदपत्रांचं महत्त्व पटेल.

निफाडची_सून

शंकासूर, तुमच्या चिवड्यात आज दाणे जास्त पडलेत वाटतं. सहमत!

गोदाकाठचा_आजोबा

मुलांनो, थोडं वेगळं लिहितो. माझा मुलगा कॅनडात आहे. आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर आम्ही दोघं जाऊन आलो, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. पहिला बर्फ पाहिला तेव्हा बायको म्हणाली, साबुदाणा सांडल्यासारखं दिसतंय. तिसऱ्या महिन्यात तिला रामकुंडावरची गर्दी आठवायला लागली. सहाव्या महिन्यात परत आलो.

सातपूरकर, तुमचे वडील झोपत नसतील तर तुमच्या गुणांमुळे नव्हे. विचारून बघा.

परत_आलो

आजोबांनी विषय काढलाच आहे तर सांगतो. मला पीआर मिळाली होती. आयटी, सीएलबी ९, सगळं व्यवस्थित. पहिल्यांदा जाऊन कार्ड घेतलं, सात महिने राहिलो, आईचं आजारपण निघालं, आलो. मग इथलीच नोकरी, मग घर. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे काढावे लागतात, मी निम्मेही काढले नाहीत. कार्ड कपाटात साड्यांखाली आहे. पश्चात्ताप नाही, पण पैसे आठवले की पोटात कालवतं. पीआर मिळवली म्हणजे झालं असं समजू नका. ती सांभाळायला लागते, म्हशीसारखी.

द्राक्षबाग

म्हशीवरून आठवलं, पैसे. ऑफर नसेल तर तिघांच्या कुटुंबाला २०२५ च्या दराने २३,३६० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. आपल्या रुपयात चौदा-पंधरा लाख. कर्ज काढून दाखवलेले चालत नाहीत, सहा महिन्यांची सरासरी बघतात. माझ्या भाच्याने द्राक्षाचे पैसे आल्या दिवशी खात्यात टाकले आणि लगेच अर्ज केला. एवढी रक्कम अचानक कुठून आली हे विचारलंच. बाजार समितीच्या पावत्या आणि वडिलांचं भेटपत्र जोडलं तेव्हा कुठे सुटका झाली. व्यापाऱ्याची चिठ्ठी आपल्याला कळते, तिकडच्या अधिकाऱ्याला कशी कळणार?

फॅबवाला

मी सध्या अमेरिकेत. कोणी ग्रीन कार्डचं विचारायच्या आत सांगतो: एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आणि भारतीयांची रांग. माझ्यापुढे इतकी माणसं आहेत की माझ्या मुलाची मुंज होईल, लग्न होईल, रांग हलणार नाही. कॅनडाला नावं ठेवण्याआधी आमच्याकडे बघा.

परिचारिका_नाशिकरोड

मी नर्स आहे, जर्मनीच्या तयारीत. पुण्याला जाऊन जर्मन शिकतेय, बी१ झालं, बी२ बाकी. तिथे गुणांपेक्षा मान्यता महत्त्वाची. आपली पदवी तपासतात आणि काय कमी आहे त्याचा कागद देतात, मग परीक्षा किंवा तिथल्या रुग्णालयात जुळवणीचा काळ. कुशल कामगार म्हणून तीन वर्षांनी, भाषा बी१ आणि पेन्शनचे ३६ हप्ते भरलेले असले की कायमचा परवाना. ब्लू कार्डवाल्यांना (चांगल्या पगाराच्या पदवीधरांचा परवाना) २७ महिने, बी१ असेल तर २१. अगदी ऑफर नसेल तर जून २०२४ पासून संधी कार्ड आहे, सहा गुण लागतात, तिथे जाऊन नोकरी शोधायची.

पण मला एक विचारायचंय. सातपूरकर भाऊ, तुम्ही लिहिलंय "बायको नोकरी करते". काय करतात वहिनी?

सातपूरकर

ताई, ती पण नर्सच आहे. बीएस्सी नर्सिंग, सात वर्षं झाली खासगी रुग्णालयांत. वय ३१. पण अर्ज तर माझा आहे ना.

टोरांटोतला_सिन्नरकर

अरे!!

पंधरा प्रतिसाद झाले आणि हे आता सांगतोस? मुख्य अर्जदार ती का नाही? चार वर्षांची पदवी, पहिल्या चाळणीत २१ गुण. वय १२, अनुभव १५, सीएलबी ८ ला २०, तुझ्या इंग्रजीचे ५. झाले ७३. सीआरएसमध्येही तुझ्यापेक्षा बरीच पुढे. सीएलबी ९ आलं तर चारशेच्या पुढे जाईल. २०२३ पासून आरोग्यसेवेसाठी वेगळ्या सोडती निघतात: फेब्रुवारी २०२४ मध्ये कटऑफ ४२२ होता, ऑगस्ट २०२५ मध्ये ४७०. खात्री नाही, पण अंतर कापण्यासारखं आहे. प्रांताने नामांकन दिलं तर ६०० गुण वाढतात, मग प्रश्नच मिटला. तिसाव्या वर्षानंतर दर वाढदिवसाला पाच गुण जातात, तेवढं लक्षात ठेव.

फक्त एक गल्लत करू नका. पीआर वेगळी आणि नर्स म्हणून काम करायचं लायसन्स वेगळं. त्यासाठी एनसीएलईएक्स ही नर्सिंगची परीक्षा आणि बाकी सोपस्कार. पीआर मिळून दुकानात काम करणाऱ्या नर्सेस मी पाहिल्यात.

अॅडलेडकर

इथेही तेच. असेसमेंट एएनएमएसी करतं, नोंदणी वेगळी, त्यासाठी आमच्याच गावात प्रात्यक्षिक परीक्षा होते. वहिनी आल्या तर वरण-भात आमच्याकडे.

शंकासूर

म्हणजे अकरा वर्षं पाच मायक्रॉनचं माप घेणाऱ्या माणसाला घरातली नर्स दिसली नाही. दंडवत.

सातपूरकर

शंकासूर दादा, मान खाली घातली. तिला धागा दाखवला. तिने पूर्ण वाचला, काही बोलली नाही, डबा भरला आणि ड्युटीला गेली.

जुना_जाणता

हे "काही बोलली नाही" आम्हाला पण माहीत आहे. संध्याकाळी जरा लवकर घरी जा.

सातपूरकरांची_नर्स

नमस्कार. नवीन खातं आत्ताच काढलं. रात्रपाळी चालू आहे, वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते.

हे महिनाभर गुणांच्या वहीत तोंड खुपसून बसले होते. त्या वहीत माझ्या नावापुढे "इंग्रजी – ५" एवढंच लिहिलं होतं. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं त्यांना तेवढंच हवंय.

जायचं की नाही ते आमचं अजून ठरलेलं नाही. सासऱ्यांना विचारायचंय, आजोबांनी लिहिलं ते बरोबर आहे. पण तुम्ही इतक्या लोकांनी वेळ दिलात, म्हणून माझा खरा प्रश्न विचारते. पहिली दोन वर्षं मी ज्या रुग्णालयात होते तिथे मला "ट्रेनी" म्हणून ठेवलं होतं, पगार रोखीने, नियुक्तीपत्र नाही. काम मात्र पूर्ण स्टाफ नर्सचं, आयसीयूत. ते रुग्णालय आता बंद आहे. नंतरची पाच वर्षं इथे, सगळं बँकेतून. ती दोन वर्षं धरू की सोडू?

परिचारिका_नाशिकरोड

ताई, तुमची वहीतली ओळ वाचून पोटात गोळा आला.

माझं मत, सोडा. रोखीचा पगार, बंद रुग्णालय, पत्र नाही, म्हणजे सिद्ध करता येणार नाही असा भाग. तो घातलात तर उरलेल्या पाच वर्षांवरही शंका येईल.

टोरांटोतला_सिन्नरकर

सहमत. पाच वर्षं धरली तर अनुभवाचे १५ ऐवजी १३ गुण. ७३ चे ७१ होतील, तरी पास. सीआरएसमध्ये बाहेरच्या अनुभवाचे गुण तीन वर्षांनंतर वाढतच नाहीत, त्यामुळे तिथे फरक शून्य. दोन वर्षांचं दुःख वाटेल, पण आकड्यात ते जवळजवळ फुकट जातंय.

आणि सध्याच्या रुग्णालयाकडून पत्र घेताना वॉर्ड, कामं, आठवड्याचे तास, पगार आणि सही करणाऱ्याचं पद, एवढं सगळं लेटरहेडवर. मेट्रनची सही असेल तर उत्तम.

सातपूरकरांची_नर्स

मेट्रन मॅडम कडक आहेत, पण त्यांची मुलगी दुबईला नर्स आहे, त्यांना कळेल. तासांचं कसं लिहायचं? आठवड्याला ४८, शिवाय डबल ड्युटी.

अॅडलेडकर

४८ लिहा. डबल ड्युटी लिहू नका, मेट्रनबाई घाबरतील. माझे शेठ आठवा.

सातपूरकर

मंडळी, ऐंशी हजार वाचले. आयईएलटीएसचा क्लास दोघांनी लावलाय, संध्याकाळी साडेसहाची बॅच, मुलगी आजोबांकडे. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, मुख्य अर्जदार कोण? मी तिच्याकडे बोट दाखवलं.

वडील म्हणाले, "आता झोप येईल."

शंकासूर

चिवडा संपला. वहिनी, निकाल आला की याच धाग्यावर टाका, दुसरा काढू नका, शोधायला त्रास होतो.